खुर्च्या मांडणाऱ्यांचं संमेलन

2020 सालच्या फेब्रुवारीची 12 तारीख. बँकॉकमध्ये भरणारं पहिलं ‘वर्डकॅम्प एशिया’ अवघ्या नऊ दिवसांवर आलं होतं. आशियाभरच्या वर्डप्रेसवाल्यांचं, म्हणजे त्या नावाची वेबसाइट-प्रणाली वापरणाऱ्यांचं आणि घडवणाऱ्यांचं, हे पहिलंच एकत्र संमेलन. निरनिराळ्या देशांतले आयोजक कित्येक महिने आपापल्या घड्याळांचा मेळ घालत ऑनलाइन बैठका घेत होते. वक्ते ठरले होते, लोकांनी विमानाची तिकिटं काढली होती. आणि त्या दिवशी वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मलनवेग यांनी करोनाच्या साथीमुळे संमेलन रद्द झाल्याचं जाहीर केलं. भारतात टाळेबंदी लागायला तेव्हा अजून दीड महिना होता.

या संमेलनासाठी राबणाऱ्या स्वयंसेवकांना त्या कामाचा मोबदला मिळणार नव्हता. त्यांनी हातात घेतलेलं काम एका निवेदनात संपलं. तरीही तीन वर्षांनी, 17 ते 19 फेब्रुवारी 2023 या दिवसांत, त्याच बँकॉकमध्ये ते संमेलन भरलं. पुढे 2024 मध्ये तैपेईत आणि 2025 मध्ये मनिलात झालं. मनिलाच्या समारोपात पुढच्या यजमान शहराचं नाव जाहीर झालं, ते होतं मुंबई. 9 ते 11 एप्रिल 2026 या तारखांना वांद्रे-कुर्ला संकुलातल्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये हे संमेलन भरायचं आहे.

ही बातमी मराठी वर्तमानपत्रांत फारशी आली नाही. तंत्रज्ञानाची परिषद म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर सूट घातलेले अधिकारी, नव्या फोनचं अनावरण आणि परवडणार नाही असं तिकीट येतं. पण समाजानं समाजासाठी भरवलेली तांत्रिक संमेलनं हा निराळाच प्रकार आहे. गेली वीस वर्षं तो जगभर रुजला आहे, महाराष्ट्रातही रुजला आहे. अशा संमेलनांना मी श्रोता म्हणून गेलो आहे आणि स्वयंसेवकाचा टी-शर्ट घालून नोंदणीच्या टेबलामागे उभाही राहिलो आहे. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. ही संमेलनं भाषणांसाठी नसतात. आयतं वापरणाऱ्या माणसाला त्या वस्तूच्या घडणीत सामील करून घेणं, हे त्यांचं खरं काम. ते काम जिथे होतं तिथे संमेलन यशस्वी, मग सभागृह गळकं का असेना.

एका अनुत्तरित प्रश्नातून

आधी वर्डप्रेसविषयी. वेबसाइट तयार करण्याची आणि चालवण्याची ही एक प्रणाली. आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट तिच्यावर चालतात. गावातल्या पतसंस्थेची साइट, कॉलेजची साइट, एखाद्या मासिकाची साइट आपण पाहतो तेव्हा पडद्यामागे बहुधा हीच असते.

तिचा जन्म एका अडचणीतून झाला. 2003 च्या सुरुवातीला ह्यूस्टनमधला एकोणीस वर्षांचा विद्यार्थी मॅट मलनवेग ‘बी-टू’ नावाचं सॉफ्टवेअर वापरत होता. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरच्या मिशेल वाल्द्रिघी यांनी ते लिहिलेलं होतं. पण काही महिने त्यांच्याकडून काहीच हालचाल नव्हती आणि सॉफ्टवेअर जागच्या जागी थांबलं होतं. जानेवारीत मॅटनं जाहीरपणे लिहिलं, की हे पुढे न्यायचं माझ्या मनात आहे. त्यावर इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टच्या माइक लिटल यांनी कळवलं, की तू खरंच हे करणार असशील तर मी हातभार लावतो. 27 मे 2003 रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली.

हे शक्य झालं ते परवान्यामुळे. ‘बी-टू’ जीपीएल या मुक्त परवान्याखाली होतं. हा परवाना सॉफ्टवेअर वापरण्याचं, आतून पाहण्याचं, बदलण्याचं आणि बदललेलं पुन्हा वाटण्याचं स्वातंत्र्य देतो. अट इतकीच, की पुढच्यालाही तेच स्वातंत्र्य मिळालं पाहिजे. मूळ लेखक थांबला म्हणून काम थांबलं नाही. दुसऱ्या कुणाला ते उचलायला परवानगी मागावी लागली नाही.

संमेलनांची कथाही याच मातीतली. 2005 च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोत पहिला ‘बारकॅम्प’ झाला. प्रकाशक टिम ओरायली यांच्या ‘फू कॅम्प’ला फक्त निमंत्रितांनाच प्रवेश असे. मग ज्यांना निमंत्रण नाही त्यांनी सगळ्यांना खुला असा मेळावा भरवला. कार्यक्रमपत्रिका आधी छापलेली नाही. सकाळी भिंतीवर कागद चिकटवायचा, ज्याला बोलायचं आहे त्यानं आपला विषय लिहायचा. पुढच्याच वर्षी, 5 ऑगस्ट 2006 रोजी, सॅन फ्रान्सिस्कोत पहिला ‘वर्डकॅम्प’ झाला, तोही काही आठवड्यांच्या तयारीत. नावातला ‘कॅम्प’ बारकॅम्पकडून आलेला.

युरोपचा सामायिक वर्डकॅम्प 2013 मध्ये नेदरलँड्सच्या लायडनमध्ये सुरू झाला. भारतात त्याआधीच, 2009 च्या फेब्रुवारीत, दिल्लीत वर्डकॅम्प झाला होता आणि मलनवेग त्यासाठी आले होते. मग तो शहराशहरांत पसरला. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशी यादी सांगता येते.

महाराष्ट्राची जुनी सवय

मराठी माणसाला संमेलन नवं नाही. 1878 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकारानं पुण्यात ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरलं. लिहिणाऱ्यांनी वर्षातून एकदा समोरासमोर बसावं, ही कल्पना आपल्याकडे तेव्हापासूनची. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनाही तीच गरज भासली, कारण त्यांचं काम तर एकमेकांना न पाहताच चालतं.

पुण्यात सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत ‘ग्नूनिफाय’ हा मुक्त सॉफ्टवेअरचा मेळावा वर्षानुवर्षं फेब्रुवारीत भरत आला. आज चाळिशीत असलेल्या पुण्यातल्या कित्येक प्रोग्रामरांनी लिनक्सची सीडी पहिल्यांदा तिथे हातात घेतली. 2011 च्या सप्टेंबरमध्ये पायथॉन भाषेची ‘पायकॉन इंडिया’ पुण्यात झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई विद्यापीठात ‘विकिकॉन्फरन्स इंडिया’ भरली आणि विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स तिला आले. 2016 च्या फेब्रुवारीत पवईच्या आयआयटीत ‘ड्रुपलकॉन एशिया’ झाली. ड्रुपल ही वर्डप्रेससारखीच दुसरी मुक्त प्रणाली. तिचे जनक ड्रीस बुइटार्ट तिथे बोलले.

तेव्हा 2026 चं संमेलन मुंबईत येतं आहे ते अचानक नाही. महिन्याच्या एखाद्या शनिवारी कुणाच्या तरी ऑफिसात किंवा कॉलेजच्या वर्गात वीस-पंचवीस जण जमायचे, कुणीतरी बोलायचं, चहा व्हायचा, अशा बैठकांची त्यामागे मोठी रांग आहे. वर्डकॅम्पचा शिरस्ताही तसाच आहे. ज्या शहरात अशा मासिक बैठका सातत्यानं होतात, तिथल्याच गटाला संमेलन भरवायची परवानगी मिळते. आधी बैठक, मग संमेलन. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. उलट्या क्रमानं गेलेले उपक्रम एका वर्षात आटपतात.

पैशाचं गणित आणि नियमांची चौकट

समजा, चारशे माणसांचं दोन दिवसांचं संमेलन आहे. म्हणजे 800 जेवणं. रोज दोनदा चहा धरला तर 1600 कप. सभागृहाचं भाडं, ध्वनियंत्रणा, चित्रीकरण, ओळखपत्रं, टी-शर्ट, फलक, सफाई, विमा, वर जीएसटी. पहिल्यांदा हा हिशोब मांडणारा आयोजक गांगरतो, कारण प्रत्येक डोक्यामागचा खर्च तिकिटाच्या कितीतरी पट निघतो.

आणि तिकीट वाढवायची सोय नाही. वर्डकॅम्पमध्ये ते मुद्दाम कमी ठेवलं जातं, म्हणजे विद्यार्थ्याला आणि नुकत्याच स्वतंत्र कामाला लागलेल्या मुलीलाही ते परवडावं. उरलेला खर्च प्रायोजक उचलतात. ज्याला शक्य आहे त्यानं आपला पूर्ण खर्च स्वतः द्यावा, यासाठी ‘मायक्रोस्पॉन्सर’ नावाचं महागडं तिकीटही असतं. ते घेणाऱ्याला वेगळी खुर्ची मिळत नाही. तो आपला भार दुसऱ्यावर टाकत नाही, इतकंच.

2010 मध्ये स्थापन झालेल्या वर्डप्रेस फाउंडेशनच्या अखत्यारीतली संस्था या संमेलनांवर देखरेख ठेवते. अंदाजपत्रक तिथल्या अनुभवी मार्गदर्शकाकडून तपासून घ्यावं लागतं. नियम मोजके, पण काटेकोर आहेत. संमेलनातून कुणी नफा कमवायचा नाही. वक्त्यांना मानधन नाही. व्यासपीठावरून आपला माल विकायचा नाही. प्रायोजकत्वाच्या बदल्यात भाषणाची वेळ मिळत नाही. येणाऱ्यांचे फोन क्रमांक आणि ईमेल प्रायोजकांच्या हवाली करायचे नाहीत. आयोजक, वक्ते, प्रायोजक यांनी वर्डप्रेससाठी जे सॉफ्टवेअर बाजारात आणलं असेल तेही जीपीएल परवान्याखालीच असलं पाहिजे. प्रमुख आयोजकानं दोन वर्षांनंतर सूत्रं दुसऱ्याकडे द्यावीत, ही अपेक्षा असते.

शेवटच्या नियमाकडे मी पुन्हा पुन्हा लक्ष वेधतो. आपल्याकडच्या किती संस्था एका कर्त्या माणसाच्या खांद्यावर उभ्या राहतात आणि तो खचला की बसतात. सूत्रं सोडायची वेळ आधीच ठरलेली असेल तर कर्ता माणूस पहिल्या दिवसापासून दुसरा तयार करायला लागतो. दर दोन वर्षांनी नवा प्रमुख, नवे स्वयंसेवक, आणि जुने मागच्या रांगेत मदतीला. यातून संमेलनापेक्षा मोठी गोष्ट उभी राहते. शहरात चार-पाच माणसं अशी तयार होतात, ज्यांना हिशोब, करार, गर्दी आणि वाद हे सगळं हाताळता येतं.

रविवारची सकाळ

पुण्या-नाशकाकडे असं संमेलन बहुतेकदा कॉलेजच्या सभागृहात असतं, कारण सुटीच्या दिवशी ते मोकळं असतं. स्वयंसेवक सकाळी सातच्या आत पोचतात. कुणी फाटकापासून दिशादर्शक बाणांचे कागद चिकटवत येतो, कुणी खुर्च्या मोजतो. शिपाईमामांकडून मागच्या दाराची किल्ली मिळवणं हे स्वतंत्र काम असतं आणि ते गोड बोलणाऱ्याकडेच दिलेलं असतं. जनरेटरचं डिझेल पाहिलं जातं.

नोंदणीच्या टेबलावर ओळखपत्रं नावाच्या आद्याक्षरानुसार लावलेली असतात आणि टेबलाचे चार भाग केलेले असतात. हे आधी केलं नाही, तर साडेनऊला रांग पार्किंगपर्यंत जाते. “ताई, तिकीट मोबाइलवर आहे, पण इथे नेट चालत नाहीये,” असं कुणीतरी म्हणतंच. “असू द्या हो दादा, नाव सांगा,” म्हणत स्वयंसेविका छापील यादीत बोट फिरवते. छापील यादी ठेवणं ही अनुभवातून आलेली शहाणीव. तंत्रज्ञानाच्या संमेलनात वाय-फाय पडणार हे गृहीत धरूनच तयारी करावी लागते. चारशे जणांच्या खिशात प्रत्येकी एक फोन आणि पाठीवर एक लॅपटॉप असतो, आणि कॉलेजची जोडणी एवढ्यांसाठी केलेली नसते.

सभागृहात वक्त्याचा लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांची गाठ घालायला एक माणूस नेमलेला असतो. त्याच्या पिशवीत हरतऱ्हेचे कनेक्टर, सुटे सेल आणि चिकटपट्टी. पहिल्या रांगेत वेळ दाखवणारी व्यक्ती बसते. दहा मिनिटं उरली, पाच उरली, एक उरलं, असे तीन कागद तिच्याजवळ असतात. पहिल्यांदाच बोलणारा वक्ता सुरुवातीला त्या कागदांकडे बघतच नाही. मग त्याचं लक्ष जातं आणि तो एकदम वेग धरतो. म्हणून चांगले आयोजक नव्या वक्त्यांची आदल्या आठवड्यात तालीम घेतात. प्रश्नोत्तरांच्या वेळी माइक घेऊन धावणारे दोघं लागतात, एक या बाजूला, एक त्या बाजूला. माइकशिवाय विचारलेला प्रश्न चित्रीकरणात येत नाही. हे चित्रीकरण पुढे वर्डप्रेसच्या सार्वजनिक संग्रहात सगळ्यांसाठी खुलं होतं, त्यामुळे ती धावपळ महत्त्वाची.

युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या वर्डकॅम्पमध्ये भाषण चालू असताना त्याचे शब्द पडद्यावर उमटत जातात. ते टंकणारा माणूस कसबी असतो. ही सोय ऐकू न येणाऱ्यांसाठी केलेली, पण परकी इंग्रजी ऐकताना अडखळणाऱ्या शेकडो लोकांना तिचा तितकाच आधार मिळतो. युरोपात लहान मुलांना सांभाळण्याची व्यवस्थाही केली गेली आहे. पाळणाघर नसेल तर लहान मुलाची आई येत नाही, इतकं हे सरळ आहे. आपल्याकडच्या शहरी संमेलनांनी अंदाजपत्रकात टी-शर्टच्या आधी या दोन गोष्टी लिहाव्यात, असं मला आग्रहानं सांगायचं आहे.

व्हरांड्यातलं सत्र

जाणकार मंडळी सांगतात, की सगळ्यात उत्तम सत्र व्हरांड्यात होतं. 2021 च्या जानेवारी-फेब्रुवारीत साथीमुळे ‘वर्डकॅम्प इंडिया’ पूर्ण ऑनलाइन झाला. भाषणं चांगली झाली, ऐकणारेही होते. पण चहाच्या रांगेत अनोळखी माणसाशी जे बोलणं सुरू होतं, ते पडद्यावर झालं नाही. तेव्हा अनेकांना जाणवलं, की भाषण घरबसल्या मिळतं. ओळख घरबसल्या मिळत नाही.

व्हरांड्यात घोळके पडतात. जुने मित्र गोल करून उभे राहतात आणि नवखा माणूस बाहेरून चक्कर मारून जातो. ‘राइट द डॉक्स’ या तांत्रिक लेखकांच्या संमेलनाचे सहसंस्थापक एरिक होल्शर यांनी यावर एक साधा नियम सुचवला. गोल करून उभे राहाल तेव्हा एका माणसाची जागा मोकळी सोडा. व्हिडिओ गेममधल्या तोंड उघडलेल्या पॅकमनचा आकार आठवा, म्हणून त्याला पॅकमनचा नियम म्हणतात. मोकळ्या जागेत कुणी आलं, की सरकून आणखी एक जागा करायची. आज जगभरच्या संमेलनांत तो उद्घाटनाच्या वेळीच सांगितला जातो. हा नियम पाळणाऱ्या घोळक्यात मी अकोल्याहून आलेल्या विद्यार्थ्याला वर्डप्रेसला जादा सोयी जोडणाऱ्या एका मोठ्या प्लगिनच्या लेखकाशी अर्धा तास बोलताना पाहिलं आहे. तो मुलगा आधी भिंतीला टेकून उभा होता.

आचारसंहितेचंही तसंच. कुणाला त्रास झाला तर कुणाकडे जायचं, तक्रारीचं पुढे काय होणार, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं पाहिजे. ते कागदावर असून भागत नाही. त्या व्यक्तीचा चेहरा आणि फोन क्रमांक सगळ्यांना माहीत असावा लागतो. एकटीनं प्रवास करून आलेली मुलगी संध्याकाळच्या भोजनाला थांबते की पाचलाच निघून जाते, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

हात लावण्याचा दिवस

आता मूळ मुद्द्यावर येतो. वर्डकॅम्पमध्ये एक दिवस ‘कॉन्ट्रिब्युटर डे’ म्हणून राखलेला असतो. त्या दिवशी भाषणं जवळपास नसतात. सभागृहात टेबलं मांडतात आणि प्रत्येक टेबलावर एका कामाची पाटी असते: मूळ प्रणाली, डिझाइन, दस्तऐवज, चाचणी, सुलभता, प्रशिक्षण, छायाचित्रं, भाषांतर, लोकांच्या शंकांना उत्तरं देणं. तुम्ही आपल्या आवडीच्या टेबलावर जाऊन बसायचं. शेजारी त्या कामातला अनुभवी माणूस असतो.

नवख्याला वाटतं, मला कोडिंग येत नाही, मी काय करणार? पण कोडला हात न लावता करण्यासारखी कामं यात निम्म्याहून अधिक आहेत. एखादा दोष नोंदवलेला असतो. तो आपल्या लॅपटॉपवर पुन्हा घडवून पाहायचा, आणि कुठल्या पायरीवर काय दिसलं ते नीट लिहायचं. एवढंही मोलाचं, कारण दुरुस्त करणाऱ्याचा निम्मा वेळ दोष शोधण्यातच जातो.

मराठीचं टेबल जवळून पाहण्यासारखं असतं. वर्डप्रेसमध्ये आणि त्याच्या प्लगिनांमध्ये दिसणारी प्रत्येक सूचना, प्रत्येक बटणावरचा मजकूर एका सार्वजनिक यादीत ओळीनं मांडलेला आहे. कुणीही खातं उघडून मराठी पर्याय सुचवू शकतो. तो लगेच लागू होत नाही. मराठीची जबाबदारी घेतलेला संपादक तो तपासतो, मान्य करतो किंवा शेरा मारून परत पाठवतो. मजकुराच्या मधोमध कधी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटलेलं एक रोमन अक्षर असतं. प्रत्यक्ष वापरात तिथे आकडा किंवा माणसाचं नाव येऊन बसतं. ते चिन्ह गाळलं किंवा त्यात मोकळी जागा सोडली, की साइटवर मजकूर तुटका दिसतो. म्हणून संपादक आधी त्या चिन्हावर नजर टाकतो, मग शुद्धलेखनावर. एखाद्या प्लगिनचा सुमारे 90 टक्के मजकूर मंजूर झाला, की त्याची मराठी आवृत्ती आपोआप तयार होते आणि मराठी निवडलेल्या सगळ्या साइटवर पोचते.

दुपारपर्यंत त्या टेबलावर एक शिक्षिका, एक बारावी झालेला मुलगा आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका शेजारी शेजारी बसून शंभरेक ओळी संपवतात. कुणाचा तरी पहिला पर्याय मंजूर होतो, पडद्यावर त्याची नोंद हिरवी होते आणि अख्खं टेबल टाळ्या वाजवतं. वर्डप्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीबरोबर हातभार लावणाऱ्यांच्या नावांची यादी प्रसिद्ध होते. त्यात शेकडो नावं असतात, अनेक देशांतली. आपल्या भागातल्या माणसाचं नाव तिथे दिसणं याचा अर्थ काय होतो, हे त्याच्या आईला स्क्रीनवर यादी दाखवताना बघितलं की कळतं.

दुखरी बाजू

हे चित्र निर्दोष नाही. 2024 च्या सप्टेंबरमध्ये पोर्टलंडला झालेल्या ‘वर्डकॅम्प यूएस’च्या व्यासपीठावरून मलनवेग यांनी ‘डब्ल्यूपी इंजिन’ या होस्टिंग कंपनीवर कडाडून टीका केली. वर्डप्रेसच्या जिवावर मोठी होऊन ही कंपनी परत पुरेसं काही देत नाही, असा त्यांचा आरोप होता. ती कंपनी त्याच संमेलनाची प्रायोजक होती. पुढे बोधचिन्ह आणि नाव वापरण्याचा वाद निघाला, 2 ऑक्टोबरला कंपनीनं कॅलिफोर्नियातल्या न्यायालयात दावा लावला आणि डिसेंबरमध्ये न्यायालयानं कंपनीच्या बाजूनं अंतरिम मनाई हुकूम दिला. मधल्या काळात वर्डप्रेसच्या मुख्य संकेतस्थळावर आत शिरताना ‘माझा त्या कंपनीशी संबंध नाही’ अशा खुणेच्या चौकटीवर टिचकी मारावी लागत होती. वर्षानुवर्षं फुकट राबलेल्या अनेकांना ती चौकट जिव्हारी लागली.

कोण बरोबर ते न्यायालय पाहील. माझ्या दृष्टीनं यातला धडा संस्थेचा आहे. सॉफ्टवेअर जीपीएलखाली सगळ्यांचं असलं, तरी त्याचं नाव, मुख्य संकेतस्थळ आणि निर्णयाची किल्ली मोजक्या हातांत राहिली, तर समाजाचा शब्द आयत्या वेळी कमी पडतो. शहरातल्या आयोजकाला जो दोन वर्षांचा नियम लागू आहे, तसलं काही शिखरावरही असायला हवं.

आपल्या बाजूचीही उणीव सांगितली पाहिजे. महाराष्ट्रातल्या संमेलनांत बहुतेक भाषणं इंग्रजीत होतात, थोडी हिंदीत. प्रेक्षकांत निम्मी मंडळी मराठी असतात, व्हरांड्यात मराठीतच बोलतात, पण व्यासपीठावर चढताच भाषा बदलते. इचलकरंजीत यंत्रमागाचा व्यवसाय असलेला आणि स्वतःची साइट स्वतः चालवणारा माणूस या भाषणांना येऊन बसला, तर मागच्या रांगेत गप्प राहतो. त्याच्याकडे सांगण्यासारखं नाही असं नाही. एका सभागृहात अर्धा दिवस मराठी सत्रं ठेवली तर खर्च वाढत नाही, प्रेक्षक वाढतात.

दुसरी गोष्ट, मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना पगारी वेळेत मुक्त सॉफ्टवेअरचं काम करू देतात. 2014 मध्ये मलनवेग यांनी मांडलेली ‘फाइव्ह फॉर द फ्यूचर’ ही कल्पना म्हणजे कंपन्यांनी आपल्या बळाचा पाच टक्के भाग या कामाला द्यावा. ती चांगलीच आहे. पण एकट्यानं काम करणाऱ्या माणसाचा एक दिवस म्हणजे त्याची एका दिवसाची कमाई. त्याच्या प्रवासाचा आणि राहण्याचा भार उचलणारा छोटा निधी प्रत्येक शहरी संमेलनात असावा. एका मोठ्या फलकाच्या पैशात चार जण लांबून येऊ शकतात.

वाचकाला निरोप

एप्रिलमध्ये मुंबई तापलेली असेल. तरीही शक्य असेल तर या. येण्याआधी वर्डप्रेसच्या संकेतस्थळावर स्वतःचं मोफत खातं उघडा, लॅपटॉप आणि चार्जर घ्या, आणि तीन दिवस जमणार नसतील तर हात लावण्याचा तो एक दिवस तरी निवडा. भाषणं पुढे चित्रफितीत मिळतील. मराठीच्या टेबलावर बसा. दहा ओळी करा.

मुंबईला येणं जमत नसेल तर तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी मासिक बैठक आहे का, पाहा. नसेल तर तुम्ही सुरू करा. त्यासाठी एक वर्ग, एक प्रोजेक्टर, सहा माणसं आणि दर महिन्याचा ठरलेला शनिवार एवढं पुरतं. कॉलेजांच्या प्राचार्यांना माझी विनंती आहे, की सुटीच्या दिवशी एक वर्ग या मुलांसाठी उघडा. व्यावसायिकांना विनंती, की चहाचं बिल भरा आणि बदल्यात काही मागू नका.

मुंबईचं संमेलन तीन दिवसांत आटोपेल. त्यानंतर महाराष्ट्रातल्या किती गावांत नव्या मासिक बैठका सुरू झाल्या, यावरच मी त्याचं यश मोजणार आहे, आणि आयोजकांनीही तसंच मोजावं.